भाऊजींनी अडवलेली परवानगी

पहिल्याच दिवशी विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू या जगात अजून तयार झालेली नाही, असं ठाम मानणारा माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात एकच आहे आणि तो माझा धाकटा दीर आहे. वयाने माझ्याहून लहान, पण मी त्यांना भाऊजीच म्हणते. नवी चप्पल आणली की भाऊजी ती महिनाभर घरातल्या घरात घालतात. जुनी चप्पल रस्त्यावर, नवी ओटीवर. घरात पहिला कुकर आला तेव्हा तीन दिवस त्यांनी त्यात नुसतं पाणी शिजवलं आणि शिट्ट्या मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. चौथ्या दिवशी डाळीला परवानगी मिळाली, तीही आम्ही सगळे अंगणात जाऊन उभे राहिल्यावर. किन्हवलीकडच्या आमच्या गावाजवळ ओढ्यावर नवा पूल झाला, फीत कापली गेली, पाहुणे हारांसकट पलीकडे जाऊन आले, गुरंसुद्धा गेली. भाऊजी मात्र वर्षभर जुन्या वाटेने तीन किलोमीटरचा वळसा घालून येत राहिले. विचारलं की म्हणायचे, "एक पावसाळा खाऊ दे त्याला. मग बघू." पुलाने पावसाळा खाल्ला, पचवला, तरी पहिल्या दिवशी भाऊजी त्यावरून गेले ते कठड्याला हात लावून.

वस्तूंचं एक वेळ ठीक, पण माणसांनाही हाच नियम. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी मुरबाडहून या घरात आले तेव्हा भाऊजी अकरावीत होते. पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आले, तर हे कामावर गेलेले, सासूबाई शेतावर. मी कडी वाजवली. दार बोटभर किलकिलं झालं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुमची वहिनी."

"कशावरून?"

भर उन्हात, हातात दोन पिशव्या घेऊन, कशावरून या प्रश्नाचं उत्तर नव्या नवरीने काय द्यावं? मग आतून दुसरा प्रश्न आला, "गेल्या सोमवारी आमटीत मीठ जास्त कोणी टाकलं?"

त्या आमटीबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांनी मुकाट्याने भुरकली होती आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते. "मीच," मी म्हटलं, आणि दार उघडलं गेलं. माझ्या हातातल्या पिशव्या घेत भाऊजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आवाज कोणाचा पण काढता येतो, वहिनी. मीठ टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं."

पुढे घरात फोन आला तेव्हा तर त्यांना हक्काची चौकीच मिळाली. फोन करणाऱ्याने आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मगच पुढे बोलायचं. एकदा माझ्या वडिलांचा मुरबाडहून फोन आला. भाऊजींनी विचारलं, "तुमच्या दारासमोर झाड कसलं?" वडील म्हणाले, "झाड कुठलं आलंय? झाड नाहीये." भाऊजींनी फोन ठेवून दिला. दारातला शेवगा आदल्याच आठवड्यात तोडलेला होता, हे त्यांना कसं कळावं? माझ्या भावाला मुलगा झाल्याची बातमी मला दोन दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरकडून कळली. वडिलांनी नंतर कितीतरी महिने आमच्याकडे फोन केला नाही. भाऊजी मात्र त्यांना भेटले तेव्हा म्हणाले, "झाड तोडलं तर कळवायचं, आबा."

अशा माणसाला मुंबईत कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, आणि तीही दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याची. देवाने माणूस आणि काम इतकं चपखल जुळवलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. तीन वर्षं भाऊजी सुखात होते. मग एकदा त्यांनी 'हे अजून तयार नाही' म्हणून बाजूला काढलेलं काहीतरी वरच्या साहेबांनी तसंच गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. त्याच आठवड्यात भाऊजी नोकरी सोडून शहापूरला परत आले आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांनी स्वतःचं कंप्युटरचं दुकान उघडलं. दुकानावर पाटी होती पुठ्ठ्याची. पत्र्याची पाटी त्यांनी दुकानाने वर्षभर चालून दाखवल्यावर लावली.

मी तेव्हा आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका होते. आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी मुली आमच्याकडे राहून शिकायच्या. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर जायचे, ते पावसाच्या तोंडाशी परतायचे. वसतिगृहाचा नियम असा होता, की मुलीला सुट्टीत न्यायला आई किंवा बापानेच यायचं आणि सही नाहीतर अंगठा द्यायचा. हा नियम उगाच झालेला नव्हता. पूर्वी एकदा एक माणूस 'मी मामा' म्हणून एका मुलीला न्यायला आला होता, आणि स्वयंपाकाच्या मावशींनी 'हिला मामाच नाय' म्हणून ओरडा केला म्हणून ती मुलगी वाचली. त्या दिवसापासून नियम म्हणजे नियम.

पण शिमग्याला तो नियम माझ्या गळ्याशी यायचा. शिमगा हा या मुलींचा सगळ्यात मोठा सण, आणि नेमके आईबाप भट्टीवर. आमच्याकडे सहावीत वनिता नावाची मुलगी होती. शिमग्याच्या आदल्या दिवशी ती सकाळपासून बोचकं बांधून पायरीवर बसली होती. दुपारी तिची मावशी डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत आली. मावशी खरी होती, हे मला दिसत होतं. दोघींची नाकंसुद्धा सारखी. पण आईबापाचा अंगठा नव्हता. मी मावशीला परत पाठवलं. वनिता रडली नाही. तिने बोचकं सोडलं आणि कपडे एकेक करून पुन्हा पेटीत ठेवले. ते बघणं मला रडण्याहून जड गेलं.

म्हणून मी भाऊजींच्या मागे लागले. आता भट्टीवर टोळीत एखादा तरी मोबाइल असतो, तर त्यावरून आईबापाला परवानगी देता येईल असं काहीतरी करा, म्हटलं. त्यांनाही ते पटलं. तीन-चार महिने खपून त्यांनी वसतिगृहाची वेबसाइट तयार केली. मुलींचे मार्क, सुट्टीच्या तारखा, जेवणाचा मेनू, आणि सगळ्यात महत्त्वाची ती परवानगी. आईबापाने नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला आकडा परत पाठवला की आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर मुलीच्या नावापुढे हिरवी खूण यायची आणि कोण न्यायला येणार त्याचं नाव दिसायचं. फक्त मोबाइलवाला माणूस खरा कोण, हे ओळखायचा भाग भाऊजींचा नव्हता. तो एका कंपनीकडून घेतलेला होता. कंपनीने तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला होता आणि आपल्या नावाखाली बारीक अक्षरांत 'बीटा', म्हणजे अजून कच्चं, असं लिहिलं होतं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोठे उत्साही गृहस्थ. भाषणाची आवड, फीत कापण्याची त्याहून. त्यांनी महिला दिनाला उद्घाटन ठरवलं, पत्रिका छापल्या आणि परवानगीचं वर्णन पत्रिकेवर ठळक अक्षरांत घातलं. कार्यक्रमाला दोन आठवडे उरले असताना एका दुपारी भाऊजींनी मला दुकानात बोलावून घेतलं. पडद्यावर माझ्या लेकीचं नाव होतं. नमुना म्हणून तिचंच नाव आम्ही यादीत घातलं होतं. नावापुढे हिरवी खूण होती.

"वहिनी, तुमच्या लेकीला न्यायला माणूस येतोय," भाऊजी म्हणाले. "तुमी परवानगी दिलीत."

"मी कधी दिली?"

"तेच दाखवतोय."

मग त्यांनी मला करून दाखवलं. आकडा मोबाइलवर आला नाही असं सांगितलं, की कंपनीचं ते यंत्र नंबर बदलू द्यायचं. बदलताना ते दोनच गोष्टी विचारायचं, मुलीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख. भाऊजींनी दोन्ही भरल्या, स्वतःचा नंबर घातला आणि माझ्या लेकीची आई होऊन बसले.

"नाव नि जन्मतारीख तुमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर लावलेली आहे," ते म्हणाले. "सगळ्या पोरींची. मी काल वाचून आलो."

मला ती भिंत आठवली. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे वनिताची पेटीही आली. मी म्हटलं, "कंपनीला सांगितलंत?"

"सांगितलं. बोलले, सर, बीटा आहे, होतील बदल हळूहळू."

"मग होतील की. तोवर मी आहेच ना ऑफिसात. येणाऱ्याचं तोंड बघूनच सोडीन मी."

"तुमी रजेवर असाल तेवा?"

मी चिडले. "भाऊजी, तुम्हाला कुकरमध्ये पाणी शिजवायची सवय आहे. इथे पोरी वाट बघतायत. यंदा वनिताच्या मावशीला परत पाठवायला तुम्ही या. मी नाही पाठवणार."

पडद्यावरची हिरवी खूण त्यांनी पुसली आणि कंप्युटर बंद केला. आमच्यात पहिल्यांदाच खरं भांडण झालं होतं. घरी सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगू लागले, तर त्या मध्येच म्हणाल्या, "पोरींच्या वसतिगृहात बीट कशाला हवंय? खात नायत पोरी बीट." एरवी मी हसले असते.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. सोबत त्यांचे मुंबईचे भाचे होते, कंप्युटरमधलेच. भाऊजींनी सगळं पुन्हा करून दाखवलं. भाचे हसत म्हणाले, "अहो, जगात सगळेच असं सुरू करतात. लोकांनी वापरलं की चुका कळतात, मग सुधारतात. एवढी मोठमोठी ईमेलची दुकानं, त्यांच्या नावाखालीसुद्धा वर्षानुवर्षं बीटा लिहिलेलं असतं."

"असू दे," भाऊजी म्हणाले. "पत्र चुकीच्या माणसाकडे गेलं तर दुसरं लिहिता येतं. पोरगी गेली तर?"

"एवढं घाबरून कसं चालेल?" अध्यक्ष म्हणाले. "आपण खाली बारीक लिहू ना, प्रायोगिक तत्त्वावर म्हणून."

"ते कोण वाचणार? भट्टीवरचा बाप? त्याला वाचता आलं असतं तर तो भट्टीवर असता का?" भाऊजींचा आवाज चढला नव्हता. पुलाचा कठडा धरावा तशी त्यांनी खुर्चीची कड धरली होती. "मी ट्रायलच्या विरुद्ध नाय, साहेब. मेनू ठेवा ट्रायलवर, मार्क ठेवा. उसळीच्या जागी भाजी दिसली तर कोणाचं काय जात नाय. परवानगीची ट्रायल घ्यायची तर दहा घरं निवडू, त्यांना समोर बसवून सांगू, आणि अंगठ्याचा कागद बाजूला चालू ठेवू. पण पत्रिकेत छापून, सगळ्यांना मोकळं करून नाय. पोरी काय ट्रायलवर नायत आपल्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मागणी तुमचीच होती. तुम्ही काय म्हणता?"

मी तिथे गेले ती भाऊजींच्या विरुद्ध बोलायचं ठरवूनच. पण पडद्यावर माझ्या लेकीच्या नावापुढे पुन्हा ती हिरवी खूण होती, आणि ती माझ्या नावाने दिलेली होती. "भाऊजी म्हणतात तसं करा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"मग मी स्टेजवर दाखवू काय?" अध्यक्ष वैतागून म्हणाले.

"मेनू," भाऊजी म्हणाले.

महिला दिनाच्या कार्यक्रमात खरोखरच तसं झालं. दीपप्रज्वलन झालं, पाऊण तासाचं भाषण झालं, माहिती-तंत्रज्ञानाची गंगा पाड्यापर्यंत पोचल्याचं जाहीर झालं, अध्यक्षांनी बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'शनिवार : मटकीची उसळ, भात.' टाळ्या पडल्या. मुलींनी तर फारच वाजवल्या, कारण शनिवारी उसळ आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. अध्यक्ष नंतर बरेच दिवस भाऊजींशी बोलत नव्हते.

मला वाटलं, संपलं. शिमगा आला की मी पुन्हा पायरीवर उभी राहणार आणि मावश्यांना परत पाठवणार. पण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी वसतिगृहात आले ते सदतीस कागद घेऊन. प्रत्येक कागदावर एका मुलीचा फोटो, शेजारी तिला न्यायला येणाऱ्या नातलगाचं नाव, खाली अंगठ्याची चौकट. "भट्टीवरून येणं आईबापाला जमत नाय," ते म्हणाले, "तर आपण जाऊ."

भाऊजींची मोटरसायकल जुनी होती. नवी घेतली नव्हती, कारण जुनी आधी कोणीतरी चालवून बघितलेली असते. त्या गाडीवरून, दुकान बंद ठेवून, शिमग्यापर्यंतचे दिवस त्यांनी पडघा, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्या पालथ्या घातल्या. कोण कुठल्या भट्टीवर आहे हे धड कोणाला सांगता येत नव्हतं. एका भट्टीवर विचारावं तर दुसरीचं नाव कळे. भाऊजी संध्याकाळी धुळीने माखून यायचे, वसतिगृहात कागद मोजून द्यायचे आणि किती राहिले तेवढंच सांगायचे. एका रविवारी मीही मागे बसून गेले.

वनिताची आई त्या दिवशी भेटली. पडघ्याच्या पुढे, उघड्या माळावर विटा थापत होती. कोपरापर्यंत चिखल. भाऊजींनी आपली ओळख सांगितली, पोरीचा फोटो दाखवला, पण लगेच कागद पुढे केला नाही. आधी विचारलं, "पोरीच्या उजव्या हातावर डाग कसला आहे?"

बाई थांबली. मग हसली. "उजव्या नाय, डाव्या. नि डाग नाय तो, चटका हाय. चुलीत हात घातलान तिने, चालायला लागली तवा. तुला उजवा कोनी सांगितला?"

"कोणी नाय," भाऊजी म्हणाले. त्यांनी मुद्दाम चुकीचं विचारलं होतं.

मग त्यांनी शाईचा पॅड काढला. बाईने हात धुतले, अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. उठला तो नुसता निळा ठिपका. पुन्हा घेतला, पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा भाऊजींनी स्वतःच्या रुमालाने तिचा अंगठा पुसला आणि निरखून पाहिला. वर्षानुवर्षं माती थापून अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या.

"चालंल का रे?" तिने काळजीने विचारलं. "न्हेतील का तिला?"

मी भाऊजींकडे बघत राहिले. भाऊजी कागद मांडीवर घेऊन उकिडवे बसले. मग त्यांनी त्या निळ्या ठिपक्याशेजारी लिहिलं, 'आईने खूण बरोबर सांगितली.' खाली स्वतःची सही केली. "न्हेतील," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर ते गाडीवर एकच वाक्य बोलले, "अंगठ्यावर आपण उगाच एवढी वर्षं भरवसा ठेवला, वहिनी."

त्या शिमग्याला सदतीसपैकी चौतीस मुली घरी गेल्या. तिघींचे आईबाप शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्या तिघींना भाऊजींनी आमच्या घरी आणलं, अर्थात मुलींच्या हातात माझी लेखी परवानगी देऊन, आणि ती परवानगी मागितली भाऊजींनीच. वनिता मावशीचा हात धरून गेली. वळणापाशी तिने मागे वळून पाहिलं, पण ते मावशीचा पदर अडकला म्हणून.

काही महिन्यांनी त्या कंपनीचं पत्र आलं. ट्रायल बंद करत आहोत, सहकार्याबद्दल आभार. भाऊजींनी ते छापून आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि जेवायला बसले. मी त्यांना जास्तीचं तूप वाढलं. मग त्यांनी ओळखीचा भाग स्वतः लिहायला घेतला. त्यात प्रत्येक आईने एकदा समोर येऊन आपला प्रश्न आणि आपलं उत्तर ठरवायचं होतं, जे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नसेल. आधी दहा घरं, मग वीस, आणि बाजूला अंगठ्याचा कागद चालूच. याला दीड वर्ष लागलं. सुरू झालं तेव्हा ना पत्रिका होत्या ना भाषण. एका सकाळी ऑफिसातल्या पडद्यावर पहिली खरी परवानगी आली, भाऊजींनी त्या आईला फोन करून ती दिल्याची खात्री केली आणि मग चहा मागितला.

वनिता तेव्हा वसतिगृहात नव्हती. आठवीनंतर मे महिन्याच्या सुट्टीत गेली ती परत आली नाही. मावशी एकदा बाजारात भेटली, म्हणाली, भावंडं लहान आहेत, ती सांभाळायला आईबापाबरोबर भट्टीवरच असते. मी हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते कंप्युटर उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, "आपण लवकर सुरू केलं असतं तर राहिली असती काय?"

"नाही वाटत मला," मी म्हटलं. पण मला ते नक्की माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

जूनमध्ये यादी नवी करताना एकेक जुनं नाव मी वाचत होते आणि भाऊजी ते काढत होते. वनिताचं नाव आलं. मी वाचलं आणि थांबले. तिच्या आईला भाऊजी दहा घरांच्या ट्रायलमध्ये पुन्हा भट्टीवर जाऊन भेटले होते, तिने प्रश्न ठरवला होता, उत्तर सांगितलं होतं.

"काढायचं ना?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे," म्हणाले. "आईचं उत्तर आहे आत. आली कधी, तर त्या बाईला पुन्हा नको विचारायला."

मी पुढचं नाव वाचलं.